‘कशावरून?’ एवढंच विचारा

पत्र :
माझी मुलगी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होती. आठवीपासून आम्ही तिला आयसीएसईच्या इंग्रजी शाळेत घातलं, आता ती नववीत आहे. गणित-विज्ञानात तिनं जुळवून घेतलं, पण इंग्रजी साहित्याच्या पेपरात अडकते. धडा पाठ, कवितेचा सारांश पाठ, अप्पा बळवंत चौकातून आणलेलं गाइडही पाठ. परवाच्या चाचणीत ‘द लास्ट लेसन’वर प्रश्न होता : वर्गात शिरताना फ्रान्झला काय वेगळं दिसलं आणि त्यावरून काय सूचित होतं? हिनं दीड पान लिहिलं आणि चारपैकी दीड गुण मिळाला. खाली बाईंचा शेरा, ‘गोष्ट सांगू नकोस, उत्तर दे.’ नात्यातले एकजण म्हणतात, घरात इंग्रजीच बोला आणि तिची मराठी पुस्तकं दोन वर्षं कपाटात ठेवा. ती रोज रात्री मराठी वाचल्याशिवाय झोपत नाही. ते बंद करायचं म्हणजे जीव तुटतो. माझं शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतून. इंग्रजी कविता मला कळत नाही. शिकवणी लावू का? आणि मी स्वतः काही करू शकते का?
– एक आई, धायरी, पुणे

प्रिय ताई,

पुस्तकं कपाटात ठेवू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते. पत्र टाकल्यानंतर ती आत गेली असतील, तर आज रात्रीच बाहेर काढा.

मी पुण्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. फाडफाड इंग्रजी बोलणारी, पण कवितेपुढे बसवली की ‘बाई, याचा अर्थ काय लिहायचा?’ असं विचारणारी पुष्कळ मुलं पाहिली. तुमची लेक आपणहून वाचते. गोष्टीतलं एखादं पात्र खोटं बोलतंय, हे लेखकानं न सांगता तिला कळतं. पुढं काय होणार याची चाहूल तिला लागते. साहित्याच्या पेपरात हेच तर विचारतात. तुम्ही सगळे जिला एक अडचण समजून घाबरला आहात, तिच्यात खरं तर दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. वाचणं तिला येतं. वाचून जे कळलं ते इंग्रजी वाक्यात, मोजक्या जागेत मांडणं अजून येत नाही. दुसरी गोष्ट दहावीपर्यंत अंगवळणी पडण्यासारखी आहे. पहिली गोष्ट तिच्याजवळ नसती, तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं. आणि ती पहिली गोष्ट मराठी पुस्तकांनीच तिला दिली आहे.

आता त्या दीड गुणाकडे येऊ. बाईंचा शेरा कडक वाटला तरी अगदी बरोबर आहे. माझा अंदाज, तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गोष्ट लिहिली असणार. ते चुकीचं नव्हतं, पण मागितलेलं नव्हतं.

तुम्हालाही गोष्ट माहीत असावी म्हणून थोडक्यात सांगते. आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाची ही कथा 1870-71च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतरची आहे. फ्रान्स हरला, आल्सास आणि लोरेन हे प्रांत जर्मनांकडे गेले, आणि तिथल्या शाळांत यापुढे फक्त जर्मन शिकवायचं असा बर्लिनहून हुकूम आला. फ्रान्झ नावाचा एक मुलगा त्या सकाळी उशिरा, अभ्यास न करता, व्याकरणाच्या धास्तीनं शाळेत पोचतो. तो फ्रेंचचा शेवटचा तास आहे, हे त्याला ठाऊकच नाही.

प्रश्न फक्त त्या पोचण्याच्या क्षणाबद्दल होता. रोज शाळा सुरू होताना इतका गलका असतो की रस्त्यापर्यंत ऐकू येतो : डेस्कांची उघडझाप, मुलांचं एका सुरातलं पाठांतर, मास्तरांच्या पट्टीचा आवाज. त्या दिवशी रविवारच्या सकाळसारखी शांतता. रागवायच्या ऐवजी मास्तर हळू आवाजात ‘जागेवर बस’ म्हणतात. त्यांनी आपला ठेवणीतला हिरवा कोट घातला आहे, जो एरवी फक्त तपासणीच्या नाहीतर बक्षीस समारंभाच्या दिवशी बाहेर निघतो. आणि एरवी रिकाम्या असणाऱ्या मागच्या बाकांवर गावातले म्हातारे गप्प बसले आहेत. त्यांतल्या एकानं तर कडा झिजलेलं जुनं पहिलीचं पुस्तक सोबत आणलंय. या चारांपैकी दोन खुणा घ्यायच्या आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य लिहायचं, की ही खूण काय सांगते. कोट सांगतो, की आजचा दिवस समारंभाचा आहे, आणि समारंभ नसताना तो कोट अंगावर असणं म्हणजे काहीतरी संपत आहे. म्हातारे सांगतात, की हे नुकसान फक्त शाळकरी पोरांचं नाही, सगळ्या गावाचं आहे. झालं उत्तर. सहा-सात ओळींत चार गुण. युद्ध, हुकूम, मास्तरांनी शेवटी फळ्यावर काय लिहिलं, यातलं काहीच इथं लागत नव्हतं.

तिला हे मराठीत विचारून बघा. मला खात्री आहे, ती पटकन सांगेल.

तुमची जागा इथं आहे. संध्याकाळी भाजी निवडताना, पोळ्या लाटताना तिला म्हणा, आज कुठली गोष्ट झाली ती मला सांग. मराठीत सांगू दे. तुम्हाला ती गोष्ट माहीत नाही हे फार चांगलं, कारण तिला ती नीट उभी करावी लागेल. मग ती म्हणेल, ‘आई, ते मास्तर ना, मनातून खूप खचलेले असतात.’ तेव्हा एकच शब्द विचारा : ‘कशावरून?’ ती म्हणेल, ‘वाटतं तसं.’ तुम्ही म्हणा, ‘तसं नाही, पुस्तक आण आणि कुठल्या वाक्यावरून वाटलं ते दाखव.’ ती वाक्य शोधेल. मग परत विचारा, त्या वाक्यातल्या कुठल्या शब्दावरून? एवढ्यासाठी तुम्हाला इंग्रजी यायला नको. तुम्ही बारावीला मराठी कवितेचं रसग्रहण लिहिलं असेल, तेव्हाही परीक्षकाला हेच हवं होतं. साहित्याची शिकवणी म्हणून मी जे काही देऊ शकले त्यातलं निम्म्याहून जास्त या एका प्रश्नात मावतं. ही गोष्ट मला शिक्षकी पेशात शिरल्यावर फार उशिरा कळली. पहिली काही वर्षं मी नोट्स उतरवून देत असे, मुलं त्या जशाच्या तशा लिहीत, आणि मी त्यांना पुरे गुण देत असे. त्या मुलांचं मी नुकसान केलं असं मला आज वाटतं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीनं लिहिते आहे.

‘द लास्ट लेसन’ संपल्यावर तिला पहिलं पान पुन्हा वाचायला सांगा. फ्रान्झ शाळेकडे पळत असताना सूचनाफलकापाशी उभा असलेला लोहार त्याला म्हणतो, इतका घाईनं जाऊ नकोस, शाळेला पोचायला तुझ्याकडे पुष्कळ वेळ आहे. फ्रान्झला वाटतं, हा आपली थट्टा करतोय. पहिल्या वाचनात आपल्यालाही तसंच वाटतं. शेवट कळल्यावर तेच वाक्य वाचलं, की पोटात कालवतं, कारण वेळ तेवढा उरलेला नाही. गद्याचा अभ्यास म्हणजे हे दुसरं वाचन. एकदा वाचून गाइड उघडणाऱ्या मुलाला लोहार भेटतच नाही. गाइडमध्ये सारांश असतो, आणि सारांशात पहिलं गळतं ते असलं वाक्य.

कवितेला मुलं जास्त घाबरतात. तुम्हीही घाबरता असं पत्रावरून दिसतं. म्हणून एक कविता घेऊन बोलू. तिच्या पुस्तकात नसली तरी चालेल, भारतात आणि बाहेरही शाळांतून ती खूप शिकवली गेली आहे. निसिम इझिकेल यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’. इझिकेल मुंबईचे, बेने इस्रायली कुटुंबातले. हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. कविता आपल्याच मुलखातली वाटावी अशी आहे. दहा तासांची संततधार, तांदळाच्या पोत्याखाली शिरलेला विंचू, आईला दंश. शेजारपाजारची माणसं कंदील घेऊन गोळा होतात, देवाचं नाव घेतात, म्हणतात की विंचू हलला की विष चढतं, मागच्या जन्मीचं पाप जळून जाऊ दे, पुढच्या जन्मीचं दुःख कमी होऊ दे. वडील बुद्धिवादी, तरी त्या रात्री पूड, काढा, जडीबुटी सगळं करून बघतात, दंश झालेल्या अंगठ्यावर रॉकेलसुद्धा ओतून काडी लावतात. मांत्रिक मंत्र म्हणतो. वीस तासांनी वेदना उतरते.

आणि मग आई फक्त एवढंच म्हणते : देवाची कृपा, विंचू मला चावला, माझ्या पोरांना सोडलं.

ताई, हे वाचून तुम्हाला जे झालं, तोच त्या कवितेचा अर्थ. आता त्याच्यावर ‘कशावरून?’ लावू. कवितेत सगळे बोलत असतात. ‘दे सेड’, ‘ते म्हणाले’, हे शब्द पुनःपुन्हा येतात, जपासारखे. जिला वेदना आहे ती मात्र चटईवर तळमळत असते, तिच्या तोंडी एक शब्द नाही. तो येतो थेट शेवटी. बाकीची कविता एका लांबलचक कडव्यात, आणि आईचं बोलणं मोकळी जागा सोडून वेगळ्या तीन ओळींत. कवीनं ती जागा का सोडली असेल? मुलांना हा प्रश्न विचारला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बाई, कारण सगळे गप्प झाले असतील.’ इतकं चांगलं उत्तर कुठल्याही गाइडात मला सापडलं नाही.

याच कवितेत शेजारी ‘माश्यांच्या थव्यासारखे’ आले असं म्हटलंय. गाइड इथं लिहितं : कवीनं उपमा वापरली आहे, त्यामुळे कवितेचं सौंदर्य वाढतं. हे वाक्य जगातल्या कुठल्याही कवितेला चिकटवता येतं, म्हणून त्याला गुण नाहीत. तिनं विचारायचं, की माश्याच का? मुंग्या का नाहीत, पाखरं का नाहीत? माश्या घोंगावतात, जखमेभोवती जमतात, हाकलल्या तरी जात नाहीत. म्हणजे ती माणसं मदतीला आली असली तरी सांगणाऱ्या मुलाला त्यांचा त्रास होतोय. पण तीच माणसं पावसाचिखलातून, हातात कंदील घेऊन, रात्री आली आहेत. वैताग आणि माया दोन्ही एका ठिकाणी. इतकं लिहिलं की उत्तर तिचं स्वतःचं झालं.

अलंकारांच्या नावांवर वेळ घालवू नका. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटॅफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपर्बली. हे तिला मराठीतून माहीत असणारच किंवा एका दुपारी होईल.

मराठीतून आलेल्या मुलांना खरी अडचण येते ती कानाची, आणि ती कुणी समजावून सांगत नाही. आपलं वृत्त लघु-गुरूवर चालतं, अक्षर किती वेळ उच्चारायचं यावर. इंग्रजी कवितेची चाल आघातावर चालते, शब्दाच्या कुठल्या तुकड्यावर जोर पडतो यावर. आपण मराठी माणसं इंग्रजी वाचताना सगळ्या अक्षरांवर सारखाच भार देतो, त्यामुळे ओळ सपाट होते आणि मुलीला वाटतं, यात लय कुठे आहे? वर्ड्स्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता घ्या. ‘आय वाँडर्ड लोन्ली ॲज अ क्लाउड’. ‘वाँ’, ‘लोन’, ‘ॲज’, ‘क्लाउड’ या चार ठिकाणी टाळी वाजवून म्हणून बघा. हलकं-जड, हलकं-जड, चार वेळा. पुढच्या ओळीतही तेच. मायलेकींनी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत म्हटली तर अर्ध्या तासात कान उघडतो. यमकाचंही तसंच. मराठीत जसं लिहितो तसं बोलतो, म्हणून डोळ्यानं यमक पाहायची सवय असते. इंग्रजीत ‘थ्रू’ आणि ‘ब्लू’ची अक्षरं निराळी, पण यमक जुळतं. ‘कफ’ म्हणजे खोकला आणि ‘डो’ म्हणजे कणीक यांची शेवटची चार अक्षरं एकच, पण यमक नाही. कवितेच्या यमकाची रचना लिहिताना तिनं ओळ मोठ्यानं म्हणावी, डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

याच कवितेवरून आणखी एक गोष्ट. कवितेतला ‘मी’ एकटाच भटकत असतो. प्रत्यक्षात 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी वर्ड्स्वर्थसोबत त्याची बहीण डोरोथी होती. तिनं आपल्या रोजनिशीत ती फुलं नाचत होती, काही दमून दगडांवर डोकं टेकून होती, असं लिहून ठेवलं. कविता पुढं लिहिली गेली आणि 1807 मध्ये छापली गेली, आणि तिच्यातून बहीण गेली. कवीनं खोटं लिहिलं असं नाही. त्याला जे एकाकीपण हवं होतं ते ‘आम्ही’ म्हणून साधलं नसतं. म्हणून उत्तरात ‘कवी एकटा फिरत होता’ असं न लिहिता ‘कवितेतला निवेदक’ म्हणायचं. इंग्रजीत ‘द स्पीकर’. एवढ्या एका शब्दावरून परीक्षकाला कळतं, की मूल विचार करून लिहितंय.

आता शिकवणी. तुमच्या बोर्डात दहावीला इंग्रजीचे दोन पेपर, भाषेचा एक आणि साहित्याचा एक, प्रत्येकी 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत. साहित्याच्या पेपरला वेळ दोन तास. त्या वेळेत लिहायला हात बसला पाहिजे, आणि त्यासाठी कुणीतरी तिचं लिहिलेलं वाचून, लाल शाईनं दुरुस्त करून परत द्यायला हवं. शिकवणीत हे होणार असेल तर जरूर लावा. चौकशी करताना सरळ विचारा, ‘मुलं आठवड्याला किती उत्तरं लिहितात आणि ती कोण तपासतं?’ उत्तर जर ‘आम्ही सगळ्या धड्यांच्या नोट्स देतो’ असं आलं, तर परत फिरा. तसल्या नोट्स तिच्याकडे आहेत आणि त्यांनीच तिला दीड गुण दिला. त्याहून चांगलं म्हणजे शाळेतल्या त्या शेरा लिहिणाऱ्या बाईंना भेटा. जी शिक्षिका ‘उत्तर दे’ असं लिहिते, तिला दुरुस्त करून परत आणलेलं उत्तर वाचायला आवडेल.

आठवड्यातून दोन उत्तरं पुरेत. आधी मुद्दा, मग पुस्तकातले तीन-चार शब्द अवतरणात, मग त्या शब्दांमुळे काय कळतं ते. मोठी वाक्यं नकोत. तिच्या मनात मराठी वाक्य येईल आणि ती ते तसंच इंग्रजीत उतरवायला जाईल. तिथं वाक्य तोडायचं, दोन करायची. क्रियापद कर्त्याच्या लगेच नंतर आणायचं. हे शिकायला साधारण एक सत्र जातं, त्याआधी निराश होऊ नका. शब्दकोश मात्र हाताशी हवा, आणि तोही इंग्रजी-इंग्रजी. कवितेत एखादा शब्द अडला तर इंग्रजी-मराठी कोश एकच प्रतिशब्द देऊन मोकळा होतो, आणि कवितेला बहुधा दुसराच अर्थ हवा असतो.

घरात इंग्रजीच बोला, हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण तुमच्या घरात जे इंग्रजी बोललं जाईल ते ‘जेवलीस का’, ‘दप्तर आवर’ एवढंच असेल, आणि त्यानं साहित्याचा पेपर सुटत नाही. उलट ‘कशावरून?’ या प्रश्नावर ती तुमच्याशी जे मोकळेपणानं वाद घालेल, तो वाद इंग्रजीत होणार नाही, आत्ता तरी नाही. केशवसुत इथंच, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. इंग्रजी कविता वाचून त्यांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं ‘सॉनेट’, मराठीत आणलं, त्यासाठी मराठी बाजूला ठेवावी लागली नाही. अरुण कोलटकरांनी आयुष्यभर दोन्ही भाषांत कविता लिहिल्या. त्यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह 1976 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला.

तो संग्रह मिळवा. त्यातली पहिलीच कविता ‘द बस’. जेजुरीला जाणारी एसटी, खिडक्यांवर बटणांनी बंद केलेल्या ताडपत्र्या, बाहेर गार वारा, आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत प्रवाशाला दिसणारा स्वतःचाच दुभंगलेला चेहरा. तुमच्या लेकीनं ती एसटी पाहिली आहे, ती ताडपत्री फडफडताना ऐकली आहे. लंडनच्या मुलाला जिथं टीप लागते तिथं तिला लागणार नाही. एका रविवारी तिला ती कविता मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही डोळे मिटून ऐका, आणि कळलं नाही तिथं थांबवा. ती मराठीत समजावेल. प्रवाशाला त्या काचांत आपला चेहरा दुभंगलेला का दिसला असेल, हा प्रश्न शेवटी विचारा. उत्तर तिनं आठ ओळींत इंग्रजीत लिहावं, गाइड न उघडता.

ते आठ ओळींचं उत्तर आणि पुढच्या चाचणीचा पेपर, दोन्ही मला पाठवा. दुरुस्त करून परत पाठवीन.